ठिबकच्या नळीआधीची भुकटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भडगाव भागात गिरणाकाठच्या केळीबागांतून ठिबकच्या काळ्या नळ्या सर्रास दिसतात. ही नळी पॉलिएथिलीनची. जळगावच्या एमआयडीसीतल्या प्लास्टिक चटया बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनच्या. एथिलीन आणि प्रोपिलीन या ऑलेफिन वायूंचे रेणू एकापुढे एक जोडले, की ही प्लास्टिके तयार होतात. मात्र वायूचे घनात रूपांतर होताना सुरुवातीला काय घडते, याबाबत बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज 1: प्लास्टिक दाण्याच्या रूपातच तयार होते.

वस्तुस्थिती: पोत्यातून येणारा दाणा ही पुढची पायरी. रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यासारख्या पेट्रोकेमिकल संकुलात वायूपासून आधी भुकटी बनते. ती वितळवून, हवी ती द्रव्ये मिसळून मग दाणा कापतात. भुकटीचा प्रत्येक कण साधारणपणे उत्प्रेरकाच्या एकाच कणापासून वाढलेला असतो.

गैरसमज 2: उत्प्रेरक आपले काम करून जसाच्या तसा बाहेर निघतो.

वस्तुस्थिती: शाळेतली व्याख्या इथे अपुरी पडते. कार्ल झिग्लर यांनी 1953 मध्ये आणि जुलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये ऑलेफिनच्या साखळ्या जोडणाऱ्या या उत्प्रेरकांची वाट उघडली; 1963 चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. सुरुवातीच्या काळात उत्प्रेरकाचे अवशेष धुऊन काढावे लागत. पुढे सच्छिद्र मॅग्नेशियम क्लोराइडवर टायटॅनियम बसवले आणि एका ग्रॅम उत्प्रेरकातून दहा किलोहून अधिक प्लास्टिक निघू लागले. उरलेला अंश इतका नगण्य, की तो प्लास्टिकमध्येच राहू देतात.

गैरसमज 3: उत्प्रेरकाचा कण फुटला म्हणजे बिघडला.

वस्तुस्थिती: तो फुटायलाच हवा. वायू छिद्रांत शिरतो, आतच साखळ्या तयार होतात, छिद्रे भरतात, दाब वाढतो आणि कणाला तडे जातात. कण फुटला नाही, तर छिद्रे बुजून आतल्या टायटॅनियमपर्यंत वायू पोहोचणार नाही. मात्र फुटलेले तुकडे विखुरता कामा नयेत. नवे प्लास्टिकच त्यांना बांधून ठेवते. ज्वारीची लाही फुलते, पण दाण्याचे तुकडे उधळत नाहीत, तसेच हे. तुकडे सुटले, तर बारीक धूळ होऊन ती पाइपलाइन आणि फिल्टरमध्ये अडकते.

गैरसमज 4: भुकटीच्या कणाचा आकार योगायोगाने ठरतो.

वस्तुस्थिती: फुटणे नीट झाले, तर प्लास्टिकचा कण उत्प्रेरकाच्या कणाचीच मोठी प्रतिकृती होतो. 40 मायक्रोमीटरचा गोल कण 1 मिलिमीटरचा गोल कण होऊ शकतो. व्यास 25 पट, म्हणजे घनफळ 15,000 पटींहून अधिक. म्हणून भुकटी सुटसुटीत वाहावी असे वाटत असेल, तर आधी उत्प्रेरकाचा कण नीट घडवावा लागतो.

गैरसमज 5: सुरुवात जितकी जोमदार, तितके उत्पादन चांगले.

वस्तुस्थिती: 1 किलो एथिलीनचे पॉलिएथिलीन होताना सुमारे 3,300 किलोज्यूल उष्णता सुटते; एवढ्या उष्णतेत साधारण दहा लिटर पाण्याला उकळी येईल. सुरुवातीला कण चिमुकला असतो. उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग थोडा आणि अभिक्रियेचा जोर मोठा. कण तापून वितळले, तर एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात आणि प्रसंगी रिअ‍ॅक्टर बंद ठेवावा लागतो. म्हणून अनेक प्रक्रियांत आधी कमी तापमानात, बेताच्या वायूवर उत्प्रेरकाभोवती थोडेसेच प्लास्टिक वाढू देतात. याला प्रीपॉलिमरायझेशन म्हणतात. कण सावकाश, सगळीकडून सारखा फुटला, की मग त्याला मुख्य रिअ‍ॅक्टरमध्ये सोडतात.

गैरसमज 6: नळी उन्हात तडकली, म्हणजे उत्प्रेरक हलका होता.

वस्तुस्थिती: कणाची सुरुवातीची वाढ मुख्यतः भुकटीचे रूप आणि रिअ‍ॅक्टरची सुरळीत चाल ठरवते. उन्हात टिकण्याचा प्रश्न वेगळा. त्यासाठी नळीत साधारण 2 ते 3 टक्के कार्बन ब्लॅक नीट मिसळलेला असावा लागतो; शिवाय भिंतीची जाडी आणि कच्च्या मालाचा दर्जा महत्त्वाचा. तेव्हा बंडल घेताना नुसत्या काळ्या रंगावर न जाता त्यावरची आयएसआय खूण आणि छापलेली जाडी पाहावी.