डिस्कांची फळी : वेग हवा की भरवसा?

एका सर्व्हरवर दहा-बारा व्हर्च्युअल मशीन चालवणं आता छोट्या पतसंस्थेत आणि दवाखान्यातही रूढ झालंय. पण लक्षात घ्या, मशीन दहा असली तरी त्यांचा डेटा बहुधा एकाच डिस्कांच्या फळीवर असतो. ती फळी कोसळली की खाती, रिपोर्ट, पगारपत्रकं सगळं एकदम बंद. म्हणून आज या फळीचा हिशोब मांडू.

१९८८ साली बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपा, म्हणजे वेग वाढेल. यालाच 'रेड' म्हणतात. अडचण अशी, की डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के आहे. मग आठांपैकी निदान एक बिघडण्याची शक्यता होते सुमारे १५ टक्के. म्हणून राखीव बळ ठेवावंच लागतं. फौजेत काय आणि इथे काय, राखीव तुकडीशिवाय मोर्चा लावत नाहीत.

हे बळ ठेवण्याच्या मुख्य रीती तीन. रेड १० मध्ये प्रत्येक डिस्कची जुळी डिस्क असते. रेड ५ मध्ये पॅरिटी असते. ७, ५ आणि ४ यांची बेरीज १६ लिहून ठेवली आणि ५ हरवला, तर १६ मधून ७ आणि ४ वजा करून तो परत मिळतो. प्रत्यक्ष गणित बेरजेचं नसतं, पण तत्त्व हेच. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसते. रेड ६ दोन पॅरिटी ठेवते, म्हणून कोणत्याही दोन.

आता किंमत बघा. ४ टीबीच्या आठ डिस्क घेतल्या, तर रेड ५ मध्ये २८, रेड ६ मध्ये २४ आणि रेड १० मध्ये १६ टीबी वापरायला मिळतात. रेड ५ स्वस्त वाटते ना? थांबा. तिथे छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. रेड ६ मध्ये सहा, रेड १० मध्ये फक्त दोन. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० कामं करते असं धरा. आठ डिस्कांची ८०० कामं झाली. म्हणजे सेकंदाला नोंदी रेड १० मध्ये ४००, रेड ५ मध्ये २०० आणि रेड ६ मध्ये जेमतेम १३३.

व्हर्च्युअल मशीनमुळे हे जास्त जाणवतं. प्रत्येक मशीन आपापल्या परीने ओळीने लिहीत असेल, पण दहा जणांच्या मागण्या एकत्र आल्या की फळीपुढे नुसती खिचडी होते. डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं. बॅटरीचं पाठबळ असलेला कॅश किंवा एसएसडी हा त्यावरचा उपाय.

खरा कसोटीचा काळ म्हणजे बिघडलेली डिस्क बदलल्यानंतरचा. १२ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने भरली, तरी जवळजवळ १७ तास लागतात. वर रोजचं काम चालू असेल तर आणखी. तेवढा वेळ रेड ५ ची फळी निराधार असते. दुसरी डिस्क गेली की सगळं गेलं. म्हणून मोठ्या डिस्कांना रेड ६ किंवा रेड १०च घ्या, आणि एक डिस्क आधीपासून राखीव लावून ठेवा.

शेवटचं सांगतो, तेवढं वहीत लिहून घ्या. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल जुळ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरसने कुलूप लावलं तर ते दोन्हीकडे लागतं. बॅकअप वेगळ्या जागी ठेवा, आणि तो परत उतरवता येतो का, हे महिन्यातून एकदा करून बघा. सराव न केलेली योजना ऐन वेळी कामाला येत नाही.