मेंदूतील लय : जुळते, सुटते, पुन्हा जुळते

शेजारी टांगलेली दोन घड्याळे एकमेकांची लय पकडू शकतात काय? डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांना १६६५ मध्ये आजारपणात घरी पडून असताना हे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक विरुद्ध दिशांना, परंतु एकाच ठेक्यात हलत होते. लय मुद्दाम बिघडवली, तरी सुमारे अर्ध्या तासात ती पूर्ववत होई. आधारातून जाणारी सूक्ष्म कंपने दोन्ही लंबकांना जोडत होती. यालाच 'समकालन' म्हणतात.

दोलकांमधील दुवा भक्कम असेल, तर लय टिकते. फारच क्षीण असेल, तर प्रत्येक दोलक स्वतःच्या गतीने चालतो. या दोन अवस्थांच्या सीमेवर मात्र लय काही काळ जुळते, सुटते आणि पुन्हा जुळते. अशा खंडित समकालनात केवळ सरासरी पुरत नाही. शंभर आवर्तनांपैकी साठ जुळली, तर उरलेली चाळीस सलग सुटली की मधूनमधून, हेही तपासावे लागते.

पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी हा हिशेब मोलाचा आहे. या विकारात हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या खोल भागांतील पेशी सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांच्या 'बीटा' लयीत प्रमाणाबाहेर एकत्र येतात. हालचाली मंदावणे आणि स्नायू ताठरणे यांच्याशी या लयीचा संबंध आढळला आहे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील गणितज्ञ लिओनिड रुबचिन्स्की व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, रुग्णांच्या मेंदूतही ही लय अखंड नसते. ती वारंवार सुटते, पण बहुधा एखाद्याच आवर्तनापुरती.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवून विजेची स्पंदने सतत देण्याचा उपचार रूढ आहे. परंतु लय कमीजास्त होत असेल, तर स्पंदने अखंड कशासाठी? ऑक्सफर्ड येथील पीटर ब्राउन यांच्या गटाने २०१३ मध्ये आठ रुग्णांवर प्रयोग केला. बीटा लय बळावल्यावरच स्पंदने दिली असता सततच्या उपचारापेक्षा हालचालींत अधिक सुधारणा दिसली, शिवाय स्पंदनांचा एकूण काळ निम्म्याहून कमी झाला. मेंदूचे संकेत वाचून मात्रा बदलणाऱ्या अशा उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. या उपचाराने रोग समूळ बरा होत नाही. मात्र लय केव्हा जुळते आणि केव्हा सुटते, यावर त्याची मात्रा ठरू लागली आहे.