नव्या विंडोजवर जुनं मराठी सॉफ्टवेअर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाण्यात कोलशेत रोडला टॉवरांची रांग उभी राहिली, तरी गावातल्या आगरी-कोळी घरांत लग्नाची पत्रिका अजून छापूनच वाटली जाते. त्यात हळदीचा दिवस वेगळा, मांडवाचा वेगळा आणि निमंत्रकांची यादी पानभर. अशा पत्रिका करून देणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराने लग्नसराईच्या तोंडावर विंडोज ११चा नवा लॅपटॉप घेतला. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नव्हता, म्हणून जुन्या डीटीपी पॅकेजची सीडी त्याने पेन ड्राइव्हवर उतरवली. सेटअपवर दोनदा क्लिक केलं, तर पडद्यावर निळी चौकट आली: हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं सीडी खराब आहे. कुणी म्हणालं लॅपटॉप परत कर. तिसऱ्याने अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, तर चौथ्याने नवं विंडोज उडवून विंडोज ७ टाकायला. चौघांच्या मनात मदतच होती, पण चौघांचंही निदान चुकलं होतं. सीडी धड होती आणि लॅपटॉपही. अडली होती ती फक्त सेटअपची छोटीशी फाइल. ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी छपाईच्या दुकानांत, शाळांत आणि सोसायट्यांच्या कचेऱ्यांत हेच घडतं. म्हणून यातले नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १: सॉफ्टवेअर जुनं झालं, म्हणजे ते नव्या विंडोजवर चालणारच नाही.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअर किती वर्षांचं आहे यापेक्षा ते किती बिटचं आहे याला जास्त महत्त्व असतं. विंडोज ११ फक्त ६४-बिट रूपात मिळतं. त्यात ३२-बिट प्रोग्राम चालवणारा एक थर असतो, म्हणून तर सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाचे दोन फोल्डर दिसतात. त्यातला ‘एक्स८६’ लिहिलेला फोल्डर ३२-बिट प्रोग्रामचा. पानं मांडण्याचं पेजमेकर ७.० हे सॉफ्टवेअर २००१ सालचं, पण ३२-बिट, म्हणून ते आजही अनेक ठिकाणी चालताना दिसतं.

१६-बिट प्रोग्रामची मात्र सोय नाही. डॉससाठी प्रोसेसरमध्ये जी जुनी पद्धत होती, ती ६४-बिट मोडमध्ये चालत नाही. शिवाय १६-बिट प्रोग्राम चालवणारा थर मायक्रोसॉफ्टने ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. खरी मेख पुढे आहे. नव्वदीच्या दशकातल्या बऱ्याच पॅकेजांत मूळ प्रोग्राम ३२-बिट असला, तरी त्याला संगणकावर बसवणारा सेटअप १६-बिट असे. पाहुणा येऊ शकतो, पण त्याला आणणारी गाडी रस्त्यात बंद पडते, तसा हा प्रकार. अशा काही ठरावीक सेटअपना विंडोज स्वतःच ओळखतं आणि त्यांच्या जागी नवा सेटअप वापरतं, पण सगळ्यांना नाही. म्हणून ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ असं ठरवण्याआधी त्याच पॅकेजचा नवा सेटअप विक्रेत्याकडे आहे का, हे विचारावं. अनेकदा गाडं तिथेच सुटतं.

गैरसमज २: कम्पॅटिबिलिटी मोड लावला की सगळं चालतं.

वस्तुस्थिती: फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेलं की ‘कम्पॅटिबिलिटी’ नावाचं पान मिळतं. तिथे जुनं विंडोज निवडलं, तर प्रोग्रामने चौकशी केल्यावर त्याला जुन्या आवृत्तीचं नाव सांगितलं जातं आणि काही बाबतींत जुन्यासारखं वागवलं जातं. जो प्रोग्राम आवृत्ती तपासूनच मागे फिरतो, त्याला एवढं पुरतं. ते करून पाहण्यात काही नुकसान नाही.

पण जे विंडोजमध्ये मुळातच नाही, ते या पानावरून येत नाही. १६-बिटचा थर येत नाही, जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर येत नाही. जुनी ‘एचएलपी’ प्रकारची मदत-पुस्तिकाही उघडत नाही, कारण ती दाखवणारा प्रोग्राम विस्टा आवृत्तीपासून विंडोजसोबत येत नाही. काही पॅकेजांना डॉटनेट ३.५ लागतं. ते आधीपासून चालू नसतं, विंडोजच्या वैकल्पिक सोयींतून ते चालू करावं लागतं. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण ठाऊक नसेल तर दिवस जातो.

गैरसमज ३: मराठी फॉन्टच नव्या विंडोजला चालत नाहीत.

वस्तुस्थिती: जुने ट्रूटाइप फॉन्ट विंडोज ११वर सहसा विनातक्रार बसतात. अडचण दोन वेगळ्या जागी असते.

पहिली टंकनाची. जुन्या मराठी पॅकेजांत फॉन्टसोबत एक छोटा प्रोग्राम पार्श्वभूमीत चालत असे. आपण कळ दाबली की तो मधेच ती पकडून फॉन्टमधलं योग्य चिन्ह उमटवी. नव्या विंडोजवर हा मधला प्रोग्राम अडतो आणि दोष मात्र फॉन्टला लागतो.

दुसरी संकेतांची. या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. फॉन्ट काढून घेतला की उरतात इंग्रजी अक्षरं आणि निरर्थक खुणा. पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की कचरा दिसतो, तो यामुळे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःची जागा आहे आणि विंडोजमध्ये देवनागरीची नीट सोय २०००च्या आवृत्तीपासून आहे. पेजमेकरला मात्र युनिकोड कळत नाही, म्हणून युनिकोड मराठी त्यात चिकटवलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

गैरसमज ४: कन्व्हर्टर चालवला की जुना मजकूर जसाच्या तसा युनिकोडमध्ये येतो.

वस्तुस्थिती: येतो, पण मराठी वाचणाऱ्या डोळ्याखालून तो घालावाच लागतो. प्रत्येक फॉन्ट-कुळाची मांडणी वेगळी. ‘श्री-लिपी’ फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर ‘आकृती’ फॉन्टमधल्या मजकुराला उपयोगाचा नाही. म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव टिपून ठेवावं.

चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, कारण उच्चार नंतर होतो. ‘निमंत्रण’ या शब्दातली वेलांटी कन्व्हर्टरला उचलून पलीकडे न्यावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकू शकतो. रफाराचं याच्या उलट: ‘कार्य’ लिहिताना रफार दिसतो नंतर, पण उच्चारला आणि साठवला जातो आधी. तिसरी जागा खास मराठीची. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुपाऱ्या’ यांतला अर्धा र हिंदीत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांत तो हमखास बिघडतो. या तीन जागा तपासल्या की बहुतेक चुका सापडतात. आडनावं मात्र एकेक करून वाचावीत. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर ते वर्षानुवर्षं निघतं.

गैरसमज ५: हार्डवेअर लॉक लावला की पॅकेज सुरू झालंच पाहिजे.

वस्तुस्थिती: मराठी डीटीपीच्या अनेक पॅकेजांसोबत नकलेला आळा घालण्यासाठी लॉक मिळे. आधी तो प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागे, नंतर यूएसबीला. त्या लॉकशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो. ६४-बिट विंडोज विस्टापासूनच डिजिटल सही नसलेला असा ड्रायव्हर आत घेत नाही. ३२-बिट प्रोग्राम चालतो म्हणून ३२-बिट ड्रायव्हर चालेल असं नाही. ड्रायव्हर ६४-बिटच लागतो.

यावर उपाय म्हणजे पॅकेजच्या किंवा लॉक बनवणाऱ्या कंपनीकडून नवा ड्रायव्हर घेणं. बाजारात यूएसबीला जुना प्रिंटर जोडणारी वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरती असते. जुना रुंद लॉक तिच्यावर सहसा ओळखला जात नाही. लॉक तोडून देणाऱ्याच्या नादी तर लागूच नये. ते बेकायदा आहेच, शिवाय त्या फाइलीतून आपल्या संगणकात आणखी काय शिरेल याची खात्री कोण देणार?

गैरसमज ६: अँटिव्हायरस बंद केला आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की काम होतं.

वस्तुस्थिती: जुन्या सेटअपवर डिजिटल सही नसते, म्हणून विंडोज सावध करतं. सावध करणं म्हणजे व्हायरस सापडणं नव्हे. पण फाइल स्वतःच्या मूळ सीडीवरची नसेल, तर ती सूचना गांभीर्याने घ्यावी. संरक्षण कायमचं बंद ठेवणं तर कुठल्याच कारणासाठी योग्य नाही.

इथे एक बारीक धोका आहे आणि त्याने अनेकांचं काम हरवलं आहे. जुनी पॅकेजं आपल्या नोंदी ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरात लिहीत. २००७ साली बाजारात आलेल्या विस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय तिथे लिहायला मनाई आहे. प्रोग्राम बंद पडू नये म्हणून विंडोज ती नोंद गुपचूप वापरकर्त्याच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. पुढे संगणक बदलताना आपण पॅकेजचा फोल्डर उचलतो आणि वर्षभराचे हिशेब मागेच राहतात. म्हणून जुनं पॅकेज बसवताना त्याला सी ड्राइव्हवर वेगळा, साध्या नावाचा फोल्डर द्यावा आणि संगणक बदलताना ‘व्हर्च्युअलस्टोअर’ही उघडून पाहावा.

गैरसमज ७: नवा लॅपटॉप म्हटला की सगळे सारखेच.

वस्तुस्थिती: काही लॅपटॉप विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप बसतात, आपली सीडी कितीही अस्सल असली तरी. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, मात्र परत आत जाता येत नाही. दुसरा प्रकार एआरएम प्रोसेसरचा. त्यावर नेहमीचे प्रोग्राम भाषांतर करून चालवले जातात आणि बरेच चालतातही, पण ड्रायव्हर मात्र त्याच प्रोसेसरसाठी बनवलेला लागतो. ज्याचं काम लॉकवर किंवा जुन्या स्कॅनरवर अवलंबून आहे, त्याने खरेदीआधी दुकानात हे दोन प्रश्न विचारावेत.

गैरसमज ८: त्यापेक्षा जुनंच विंडोज बरं.

वस्तुस्थिती: विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १०साठी घरगुती वापरकर्त्यांना दिलेली वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच आहे. त्यानंतर सापडणाऱ्या भोकांना ठिगळ मिळत नाही. ज्या संगणकावर दुकानाची बँक चालते, त्यावर हे परवडणारं नाही.

जुनं हवंच असेल तर सुरक्षित वाटा आहेत. जुना संगणक इंटरनेट काढून फक्त त्या एका कामासाठी ठेवावा. किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनाने नव्या संगणकाच्या पोटात जुनं ३२-बिट विंडोज चालवावं. त्याला परवाना असलेली विंडोजची प्रत लागते आणि यूएसबीचा लॉक बऱ्याचदा आत जोडता येतो. सोसायटीचे हिशेब डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोत असतील, तर प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालवून पाहावा. नुसता डेटा हवा असेल तर तेवढंही लागत नाही. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडते.

पेजमेकरच्या फाइलींचंही तसंच आहे. इनडिझाईनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडत. आज लिबरऑफिसचा ड्रॉ त्या उघडू शकतो. मांडणी थोडी हलते, पण मजकूर हाती लागतो.

मग करायचं काय?

क्रम असा ठेवा. आधी पडद्यावरच्या सूचनेचा फोटो काढा, कारण अडचण बिटची, ड्रायव्हरची की परवानगीची हे बहुधा तिच्यावरूनच कळतं. मग विक्रेत्याकडे नवा सेटअप आणि ड्रायव्हर मागा. नंतर कम्पॅटिबिलिटी आणि वेगळा फोल्डर. त्यानेही जमलं नाही, तर व्हर्च्युअलबॉक्स. विंडोज बदलणं या यादीत नाही.

नवं काम मात्र आजपासून युनिकोडमध्येच करा. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, २०१९च्या मे महिन्यातल्या सुधारणेपासून उच्चारानुसार टंकनाचा मराठी कीबोर्डही आहे. टायपरायटरची सवय असलेल्यांना रेमिंग्टन पद्धतीचे युनिकोड कीबोर्ड मिळतात, त्यामुळे हाताचं वळण मोडावं लागत नाही.

कोलशेतच्या त्या दुकानदाराला शेवटी पॅकेजचा नवा सेटअप मिळाला आणि लग्नसराई निभावली. पण खरं मोलाचं काम त्याने नंतर केलं. जुना संगणक सुरू होता तोवर सगळ्या पत्रिका पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवल्या आणि प्रत्येक फोल्डरात वापरलेल्या फॉन्टचं नाव लिहिलं. सॉफ्टवेअर आज ना उद्या जाणारच आहे. राखायच्या त्या फाइली, कारण गावातल्या घराघरांची नावं त्यांत आहेत. तुमचा जुना संगणक अजून सुरू होत असेल, तर हे काम याच आठवड्यात करा.