फेसाळ द्राक्षमद्य आणि आपले संधान

दक्षिण फ्रान्समधील लिमू परिसरात ‘ब्लांकेत’ ही नैसर्गिक फेसाळ पांढरी वाइन होते. तेथील सेंट हिलेर मठातील बेनेडिक्टाइन साधूंनी 1531 मध्ये ती प्रथम सिद्ध केली, अशी परंपरागत समजूत आहे. तिच्या जुन्या पद्धतीत मोझाक द्राक्षांचा रस किण्वन पूर्ण होण्यापूर्वीच बाटलीबंद करतात. शेष शर्करेवर किण्वाचे कार्य चालू राहते व कार्बन डायऑक्साइड द्रवातच विरघळून राहतो. बूच उघडताच तोच फेसरूपाने वर येतो.

आसवारिष्टांच्या संधानातही हाच वायू उत्पन्न होतो. मात्र तेथे आम्ही पात्रातील आवाज थांबण्याची व पात्रमुखाशी धरलेली पेटती काडी न विझण्याची प्रतीक्षा करतो. वाइनमध्ये जो गुण, तोच आसवात दोष ठरतो. अपूर्ण संधान बाटलीत भरल्यास बूच उडते, प्रसंगी बाटलीही फुटते.

‘नैसर्गिक’ या शब्दास भुलून काही रुग्ण अशी वाइन द्राक्षासवाच्या पंक्तीस बसवितात. आसवातही मद्यार्क असतो, हे आपण त्यांच्यापासून लपवू नये; परंतु आसव रोग व बल पाहून, मोजक्या मात्रेत योजले जाते. वाइन हे मद्यच होय. गर्भिणी व यकृतविकारी यांस ते सर्वथा वर्ज्य सांगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.