निदानानंतरचे प्रश्न

लिव्हरपूल : फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं कळलं की ब्रिटनमध्येही समोरचा आधी विचारतो, ‘सिगारेट ओढत होता का?’ रॉय कॅसल सिगारेट ओढत नसत. बीबीसीच्या ‘रेकॉर्ड ब्रेकर्स’मुळे घराघरांत पोचलेले हे कलावंत आणि ट्रम्पेटवादक १९९४ मध्ये याच आजाराने गेले. जॅझ क्लबांतल्या इतरांच्या धुराने आपल्याला गाठलं, असं ते सांगत. रे डॉनेली या शल्यविशारदांनी १९९० मध्ये लिव्हरपूलमध्ये सुरू केलेली संस्था आज कॅसल यांच्या नावाने रुग्णांसाठी पुस्तिका काढते, हेल्पलाइन चालवते.

अशा मदतीची गरज मोठी आहे, कारण त्या एका प्रश्नाने रुग्ण गप्प होतो. सिगारेट ओढलेल्याला वाटतं, आपणच केलं, आता कोणत्या तोंडाने विचारायचं? ब्रिटनमध्ये दरवर्षी हा आजार सुमारे ५० हजार जणांना गाठतो.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेतली सर्वांत मोलाची व्यक्ती म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाची खास नर्स. डॉक्टर निदान सांगतात तेव्हा तिने तिथे असावं आणि आपला थेट नंबर द्यावा, अशी अपेक्षा असते. डॉक्टरांसमोर सुचत नाहीत ते प्रश्न मग तिला विचारले जातात. स्कॅनमधल्या त्या शब्दाचा अर्थ काय? ताप आला तर केमोच्या दिवसांत सकाळपर्यंत थांबायचं का? (थांबायचं नाही, लगेच फोन करायचा.) दम लागला की हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यासमोर फिरवावा, हे तीच दाखवते. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या रुग्णाला २००९ पासून औषधांच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत, हेही बऱ्याच जणांना तिच्याकडूनच कळतं.

आपल्याकडे आई आजारी असली तर अनेकदा मुलाला केबिनबाहेर बोलावून आधी सांगतात आणि आईपासून लपवतात. इथे आधी आईला सांगतात. तिच्या संमतीशिवाय मुलालाही तपशील मिळत नाही. तिला इंग्रजी येत नसेल तर दुभाष्या आणणं रुग्णालयाचं काम. हे योग्यच आहे. आईचा आजार आईलाच समजावण्याचं ओझं मुलाच्या जिभेवर का टाकायचं?

घरी काळजी घेणाऱ्याची बाजू मात्र लंगडी आहे. आठवड्याला किमान ३५ तास सेवा करणाऱ्याला सरकार भत्ता देतं. पण त्याला सरकारी निवृत्तिवेतन तेवढंच किंवा जास्त मिळत असेल, तर भत्ता हातात पडत नाही. या आजाराचे रुग्ण बहुतेक वयस्कर, म्हणजे रात्री उठून त्यांना उशीला टेकवून बसवणारी बायको किंवा नवराही बहुधा निवृत्तच. तरीही अर्ज करून ठेवणं फायद्याचं असतं, कारण त्या नोंदीमुळे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी दुसरी मदत वाढू शकते. मॅकमिलन या कर्करोगरुग्णांसाठीच्या जुन्या संस्थेचे सल्लागार हा हिशेब फोनवर समजावून देतात.