खाड्यांची वही

पैनगंगेच्या पट्ट्यातलं बेला सरकारदरबारी तेलंगणात; सालगड्याचं साल मात्र इथं मराठीतही ठरतं, गुढीपाडव्याला. रोख किती, ज्वारी-गहू किती, आधी उचल किती, एवढं बोलणं झालं की करार झाला. सही कुणाचीच नाही. पुढे वर्षभर लिहिली जाते ती फक्त खाड्यांची वही, आणि ती मालकाच्या घरी.

श्रावणात एका सालगड्याबरोबर दिवसभर होतो. पहाटे शेण काढलं, वैरण टाकली, मग कपाशीत डवरे धरले. ऊन चढल्यावर बैल सुटले. त्यांना बाभळीखाली बांधलं, पाणी पाजलं, कडबा टाकला, मगच त्यानं भाकर सोडली. पाठ टेकते न टेकते तोच बांधावरून हाक आली. फवारणीसाठी पाणी आणायचं होतं. दुपारची सुट्टी किती, विचारलं तर म्हणाला, "बैल रवंथ करते तोवर."

इथला कापूस आदिलाबादच्या जिनिंगमध्ये जातो. तिथल्या कामगाराला १९४८च्या कारखाने कायद्यानं सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा दिला (अंमल किती, तो वेगळा विषय). पगारकपातीवरही १९३६च्या कायद्याचा लगाम होता: गैरहजेरी जेवढी, कपात तेवढ्याच प्रमाणात. कापूस पिकवणाऱ्या गड्याला यातलं काही लागू नव्हतं.

आता खाड्याचा हिशोब बघा. समजा, साल १,२०,००० रुपये. दिवसाला पडले ३२९. पण ऐन हंगामात खाडा कापला बदली माणसाच्या रोजानं, आणि तो रोज ५०० असला, तर एका खाड्यात दीड दिवसाची कमाई गेली. ताप असो की मयत, वहीत दोन्ही खाडेच. मालकही कोरडवाहूच, गोठ्यातली जनावरं एक दिवस उपाशी ठेवता येत नाहीत, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण म्हणून दर मनाला येईल तो लावायचा?

पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. गडी मात्र त्या दिवशीही कामावरच: बैल धुवायचे, सजवायचे, मिरवायचे. त्याबद्दल बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मिळतो; सुट्टी नाही.

येत्या पाडव्याला साल ठरवाल तेव्हा दोन गोष्टी आधी लिहा: महिन्याला किती सुट्ट्या बिनकपातीच्या, आणि खाड्याचा दर काय. त्या पानाची एक प्रत गड्याच्या घरीही असू द्या.