द्राक्षाला जीए, कांद्याला चाळ

लासलगावला कांदा बघायला जातो म्हटलं तर कोणी काही विचारणार नाही. आंबा बघायला जातो म्हटलं तर लोक आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या घरच्यांकडे बघतील. तरीही १९८९पासून अमेरिकेने बंद केलेलं दार भारतीय हापूससाठी २००७च्या एप्रिलमध्ये उघडलं, तेव्हा पहिल्या पेट्या लासलगावातून गेल्या. आंबा कोकणातला, विमान मुंबईचं, आणि मध्ये कसारा घाट चढून निफाड तालुक्यापर्यंतचा हा हेलपाटा. कारण अमेरिकेच्या कृषी खात्याला हवं होतं तसं विकिरण केंद्र तेव्हा इथे होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं, २००२-०३च्या सुमारास सुरू झालेलं. नाव ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र.

आत काय चालतं ते फार गूढ नाही. जाड काँक्रीटच्या भिंतींमागे कोबाल्ट-६० असतो. पेट्या त्याच्यासमोरून फिरतात, गॅमा किरण आरपार जातात आणि आंबा बाहेर येतो. चव तीच, रंग तोच. कोयीत भुंगा लपला असलाच तर त्याची पुढची पिढी होत नाही, एवढाच फरक. एक्स-रे काढलेला माणूस जसा किरणोत्सारी होत नाही, तसा हा आंबाही होत नाही.

पण हे केंद्र आंब्यासाठी बांधलेलं नव्हतं. ते होतं कांद्यासाठी. पुढे वाशीला पणन मंडळाचं वेगळं केंद्र झालं आणि आंब्याचा हेलपाटा वाचला. कांदा मात्र इतकी वर्षं केंद्रापासून हाकेच्या अंतरावर चाळीत पडून आहे. उन्हाळ्यात भरायचा, पावसाळाभर त्याला कोंब येताना, तो सडताना बघत राहायचं, आणि दिवाळीच्या आगेमागे जो उरेल तो बाजारात न्यायचा. नाशिक जिल्ह्यात विज्ञान माणसाच्या आयुष्यात कसं शिरतं आणि कुठे दारातच थबकतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला सापडलेली नाही.

माझे एक चुलत मामा निफाडच्या पुढे राहतात. त्यांच्याकडे थोडी द्राक्षं आहेत आणि थोडा कांदा. मध्ये फक्त एक बांध. माणूस तोच, विहीर तीच, फवारणीचा ट्रॅक्टरही तोच. पण तो बांध ओलांडला की मामांची भाषा बदलते. अलीकडे ब्रिक्स, पीएच, मिलिमीटर, पीपीएम. पलीकडे उळं, पात, गोल्टी, काजळी, डोंगळे.

आधी द्राक्षाचं सांगतो, कारण तिथे विज्ञान अगदी मुळापासून आहे. शब्दशः मुळापासून. वेल वरून थॉम्पसन दिसते, पण जमिनीखालची मुळं ‘डॉगरिज’ नावाच्या टेक्सासमधल्या रानटी वेलीची असतात. क्षारांना आणि पाण्याच्या ताणाला ती दाद देत नाहीत. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. हिवाळ्यात पानं गाळून झोपायची तिची रीत, आणि नाशिकची थंडी आपण कितीही मिरवली तरी तिला झोपवायला पुरत नाही. म्हणून आपण तिचं वर्ष कात्रीने कापतो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर सगळे डोळे एकसाथ फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावायचं, त्याला बागेत नुसतं ‘पेस्टिंग’ म्हणतात. पेस्टिंग करणाऱ्याने दारूला शिवायचं नाही, हे शिवारात प्रत्येकाला ठाऊक असतं. न ऐकणाऱ्यांची काय गत होते तेही ठाऊक असतं.

मग जीए. जपानमध्ये भाताला एक रोग पडे. रोपं भसाभस उंच, फिकट आणि लुळी होऊन आडवी व्हायची. ऐइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवलं की एक बुरशी काहीतरी द्रव्य सोडते आणि त्यानेच हे घडतं. ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन, बागेतल्या भाषेत जीए. बी असलेल्या द्राक्षात बीच हे संप्रेरक तयार करतं आणि मणी फुगतो. बिनबियांच्या द्राक्षात ती सोय नाही, मणी बारीकच राहतो. म्हणून भातावरच्या रोगातून सापडलेलं ते द्रव्य पाण्यात कालवून घडाला बाहेरून द्यायचं. दिंडोरीत, निफाडात कुठल्याही बागेत डिसेंबरात डोकावलात तर मगात घड बुडवणारी माणसं दिसतील. त्याला म्हणायचं डिपिंग.

मणी फुगले की घडात दाटी होते, म्हणून फुगायच्या आधीच निम्मेशिम्मे मणी कात्रीने उडवायचे. हे थिनिंग. एकेका घडावर, एकेका वेलीवर, सबंध एकरभर. यंत्राला हे काम जमत नाही. ते करायला पेठ, सुरगाणा, हरसूलकडून टोळ्या येतात. बायका, पुरुष, बरोबर लहान मुलं, एकरी ठेका ठरलेला. हंगामात शेताच्या कडेला त्यांची पालं पडतात. तंत्रज्ञान आलं की मजूर कमी होतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. नाशिकमध्ये द्राक्षातल्या रसायनाने उलटंच केलं. त्याने हातांची भूक एवढी वाढवली की डोंगरातली गावं काही महिने रिकामी होतात. घाटाकडच्या शाळांचा हिवाळ्यातला पट कुरोसावांच्या बुरशीने ठरतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

थंडीत मण्यांवर गुलाबी छटा येऊ नये म्हणून घडांना कागद गुंडाळतात. बहुधा वर्तमानपत्रांची रद्दी. ही पुरवणीही तिथे पोचेल, आणि तिथे ती नक्की कामी येईल. निफाडला पारा फारच उतरला की याच हायटेक बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, धूर करतात, ठिबक सोडतात. उपग्रहाने इशारा दिलेला असतो. त्यावरचा उपाय आजोबांचा असतो.

हे सगळं शेतकऱ्याने का स्वीकारलं? हौस म्हणून नाही. २०१०च्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपात पोचली आणि तपासणीत क्लोरमेक्वाट निघालं. शेतकऱ्याच्या तोंडी हे ‘लिहोसिन’ किंवा ‘सीसीसी’. छाटणीनंतर शेंडा आवरायला वर्षानुवर्षं वापरलेलं, कृषी सेवा केंद्रात सर्रास मिळणारं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हतं, युरोपच्या होतं. एका किलोत मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचं हे प्रमाण, पण त्यापायी कंटेनर अडकले आणि अनेक घरांचं वर्ष बुडालं. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाची ‘ग्रेपनेट’ ही नोंदणी त्याआधीपासूनच होती. आता तिला धार आली. प्रत्येक निर्यात प्लॉटला नंबर, प्लॉटवरून काढलेला नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, फवारणीची वही. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी याच सुमारास उभी राहिली.

आज मामा शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस बोटांवर मोजतात. त्यांच्या मोबाइलमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत आणि तिन्हींवर विश्वास नाही. रात्री दोनला उठून ते ढग बघतात. ऑक्टोबरात पाऊस लांबला की डाऊनी, थंडीत ढगाळ हवा राहिली की भुरी. २६ नोव्हेंबर २०२३च्या संध्याकाळी निफाड पट्ट्यात गारा पडल्या, तेव्हा इशारा आलेला होता. इशाऱ्याने गार थांबत नाही. विज्ञानाने त्यांना जे दिलं त्यात चार पैसे आहेत, मुलीचं इंजिनिअरिंग आहे, आणि झोप न लागणंही आहे. मामी म्हणतात, “पूर्वी हे वर्षातून चार महिने घरात असायचे. आता बाराही महिने बागेत, घरात असले तरी बागेतच.”

आता बांधापलीकडे.

इथलं बियाणं मामांच्या घरचं. निवडक कांदे लावून, डोंगळे येऊ देऊन धरलेलं. कांद्यात संशोधन झालेलं नाही असं मुळीच नाही. निफाड आणि पिंपळगाव बसवंतच्या वाणांनी देशभर नाव काढलं, चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय फलोत्पादन प्रतिष्ठानचं काम आहे, आणि १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेलं कांदा-लसूण संशोधन केंद्र पुढे राजगुरुनगरला गेलं. खुद्द चाळ हेही विज्ञानच आहे: जमिनीपासून उचललेला तळ, अरुंद रुंदी, दोन्ही बाजूंनी वारा. काढणीआधी पाणी तोडायचं, पातीसकट शेतात सुकवायचं, मान बोटभर ठेवून कापायची. एवढं नीट केलं तरी चार-पाच महिन्यांत चाळीतला चौथा-तिसरा हिस्सा जातो. काही वजनात, काही सडून, काही कोंबात.

काढलेला कांदा जिवंत असतो, फक्त झोपलेला असतो. पावसाळ्यात त्याची झोप मोडते. कोंबाच्या टोकाशी पेशींचा जो बारीक पुंजका असतो, त्याला ६० ते ९० ग्रे एवढी गॅमा किरणांची मात्रा दिली की पेशी विभागणं थांबवतात आणि कोंब येत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात. त्यापुढे ही मात्रा किरकोळ. कायद्याने परवानगी १९९४ पासून आहे. नुसत्या शीतगृहात ठेवलेला कांदा बाहेर काढला की भराभर कोंबतो. विकिरण केलेला कोंबत नाही. म्हणजे दोन्ही मिळून पक्का उपाय. एक मात्र आहे: कांदा झोपेत असतानाच, काढणीनंतर लवकर न्यावा लागतो. आणि विकिरण सड थांबवत नाही, जखमी कांदा जखमीच राहतो.

मामांना हे सगळं माहीत आहे. केंद्र त्यांनी पाहिलेलं आहे. रेडिएशनची भीती वगैरे काही नाही. लिहोसिन पाहिलेल्या माणसाला गॅमा किरणांचं काय. ते नेत नाहीत याची कारणं त्यांनी मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हिशेब मांडून सांगितली. मे महिन्यात कांदा भरायचा, न्यायचा, उतरवायचा, परत भरायचा, शीतगृहात ठेवायचा. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी थोडी साल निघते. शीतगृहाचं भाडं महिन्यागणिक. चाळ दारात आहे आणि अडीनडीला त्यातून वीस गोण्या काढून विकता येतात. लग्न निघालं, दवाखाना निघाला, की चाळ हीच त्यांची बँक.

हे मला पटलं. पण खरं कारण ते शेवटी बोलले आणि मी ते बरेच दिवस घोळवत राहिलो. मामा म्हणाले, “दिवाळीला भाव का चढतो? माझा कांदा सडतो तसाच सगळ्यांचा सडतो म्हणून चढतो. कोणाचाच सडला नाही तर चढेल कशाला?”

यात वैज्ञानिक चूक काहीच नाही. उन्हाळ कांदा संपत आलेला असतो, नवा लाल कांदा पुरेसा आलेला नसतो; त्या फटीत भाव असतो. कोंब थांबवणारं तंत्र सगळीकडे गेलं की ती फट बुजणार. मग फायदा कोणाला? शहरातल्या ग्राहकाला नक्की. राखीव साठा करणाऱ्या सरकारला नक्की. नाफेड आणि एनसीसीएफचा साठा बाजारात उतरतो तो भाव पाडायलाच, हे कोणी लपवत नाही. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली ती चाळीस टक्के शुल्कासह, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ला. एवढ्या काळात चाळीतल्या कांद्याचं भवितव्य कोंबाने ठरलं की दिल्लीतल्या अधिसूचनेने, हे लासलगावच्या लिलावात कोणालाही विचारा.

द्राक्षात युरोपातल्या दुकानाने अट घातली आणि अट पाळणाऱ्याच्या पदरात जास्तीचे पैसेही टाकले. म्हणून टेक्सासचं मूळ आणि जपानी संप्रेरक मामांच्या बागेत आलं. कांद्यात तंत्र दारात उभं आहे, पण वाचलेल्या कांद्याचे पैसे मामांना मिळतील असं कोणी लिहून दिलेलं नाही. मागास शेतकरी, अज्ञान, जनजागृती हे शब्द मी भाषणांत खूप ऐकले. ते इथे लागू पडत नाहीत. बांधाच्या या बाजूला हाच माणूस पीपीएममध्ये बोलतो.

अलीकडे पुन्हा हालचाल आहे. केंद्र सरकारच्या राखीव साठ्यातल्या कांद्यावर विकिरणाच्या चाचण्या झाल्या, राज्याने २०२४ मध्ये कांद्याच्या महाबँकेची घोषणा केली, अनिल काकोडकरांसारखा अणुशास्त्रज्ञ त्यामागे आहे. बातमी आली तेव्हा मी ती मामांना पाठवली. त्यांनी केंद्राची क्षमता, कोबाल्ट, भाडं यांतलं काही विचारलं नाही. त्यांचा उलट फोन आला: “ठेवलेला कांदा नावावर कोणाच्या राहणार? आणि पाहिजे त्या दिवशी काढून विकता येणार का?” मी बातमी दोनदा वाचली. त्यात क्षमता होती, खर्च होता, जागा होत्या. हे नव्हतं.